मास्तरांचे आठ मिलिमीटर

रोज सकाळी नऊ वाजता आत्याचं पहिलं काम म्हणजे खोटं बोलणं. खुर्चीत बसायचं, पदरानं पडदा पुसायचा, हिरवी अक्षरं उमटायची वाट बघायची आणि कॉम्प्युटरनं तारीख विचारली की साल एकोणीसशे एक्क्याण्णव सांगायचं. खरं साल सांगितलं तर तो रुसून बसायचा आणि दुपारपर्यंत तोंड उघडायचा नाही. एक्क्याण्णव म्हटलं की स्वारी खूश. आत्यालाही त्यात काही वावगं वाटत नसे. एक्क्याण्णव साली ती सत्तावीस वर्षांची होती, आणि रोज सकाळी कोणी आपल्याला सत्तावीसची समजत असेल तर समजू द्यावं, असं तिचं मत होतं.

कारखाना जिन्यांचा. लाकडी जिने, घरातल्या घरात चढायचे. मालकानं गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन खालच्या जमिनीपासून वरच्या मजल्यापर्यंतची उंची मोजून आणायची, जिन्याला जागा किती ते टिपायचं. आत्यानं ते आकडे कॉम्प्युटरला भरवायचे. मग आतला प्रोग्राम पायऱ्या किती, एकेक केवढी उंच, बाजूच्या तिरक्या फळ्या कुठं कापायच्या, ते सगळं सांगायचा आणि शेजारचा प्रिंटर किंचाळत किंचाळत कागद बाहेर टाकायचा. कारखान्याचा मालक दादा, म्हणजे आत्याचा सख्खा मोठा भाऊ. पण मालक कोण हे फक्त पाटीवर. कागद निघाल्याशिवाय करवत चालत नव्हती आणि कागद आत्याशिवाय निघत नव्हता.

प्रोग्रामचं नाव मास्तर. मागच्या गल्लीत राहणाऱ्या गणिताच्या निवृत्त मास्तरांनी तो लिहून दिला होता आणि मोबदल्यात स्वतःच्या माळ्याला एक जिना करून घेतला होता. पुढं मास्तर मुलाकडे लांब कुठंतरी राहायला गेले आणि तिकडेच वारले. प्रोग्राम मागं राहिला. तो उघडून दुरुस्त करणारं माणूस मात्र जगाच्या पाठीवर उरलं नाही. कारखान्यात अजूनही "मास्तर काय म्हणतात?" असंच विचारायचे, आणि नवं गिऱ्हाईक केबिनमध्ये कोणी म्हातारे गृहस्थ बसलेत का म्हणून डोकावून बघायचं.

मास्तरांचे नखरे काय सांगावेत! नावाला सहाच अक्षरं चालायची, त्यामुळे अर्धं शहर त्यांच्या पोटात शेपूट तोडून बसलेलं. सातचं बटण पेनाच्या टोपणानं दाबलं तरच उमटायचं. उन्हाळ्यात पाठीवर एक चापट द्यावी लागायची, आणि तीही उजव्या अंगाला. डावीकडून मारलं तर पहिल्यापासून सुरू. कुठं जुनी यंत्रं भंगारात निघाली असं कानावर आलं की आत्या पिशवी घेऊन हजर. घरच्या कपाटात साड्यांखाली तीन मेलेले कॉम्प्युटर होते, सुट्या भागांसाठी.

आत्यानं लग्न केलं नाही. का, ते सांगत बसायला नको, नाही केलं. दादाच्याच घरी वरच्या खोलीत राहायची. तिला सगळेच आत्या म्हणायचे. लाकडाचा व्यापारी तिच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, तोही आत्याच म्हणायचा. खरी भाची एकच, दादाची मुलगी चिमी, आणि सगळ्याची सुरुवात झाली ती तिच्यापासून.

चिमी बाहेर शिकून, चार वर्षं दुसरीकडे नोकरी करून परत आली, कारण दादाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि कारखान्याकडे कोणीतरी बघायला हवं होतं. आल्या आल्या तिनं एक नवा कॉम्प्युटर आणला. पाटीएवढा चपटा. त्यात जिना आधीच उभा दिसायचा, गोल फिरवून बघता यायचा, रंगसुद्धा बदलता यायचा.

"फिरवून काय करायचंय?" आत्या म्हणाली. "जिना काय फिरतो का?"

"आत्या, हा मास्तर एक दिवस बंद पडला तर?"

"एकतीस वर्षं झाली. पडला?"

"पडत नाही म्हणून तर भीती वाटते," चिमी म्हणाली. "मागच्या महिन्यात तुला दोन दिवस ताप आला तेव्हा कारखान्यात एकही फळी कापली गेली नाही. बाबांनी फोन करून करून तुला उठवलं."

हे खरं होतं. ताप असताना आत्या शाल पांघरून आली होती आणि मास्तरांच्या पाठीवर चापट मारून गेली होती. त्या वेळी तिला जे काही वाटलं ते तापातसुद्धा फार गोड होतं, पण ते चिमीला सांगण्यासारखं नव्हतं.

दादानं दोघींचं ऐकून घेतलं. दादा तसा धोरणी. घरातल्या दोन बायकांच्या मध्ये उभं राहायचं नाही, हे त्यानं फार लवकर शिकून घेतलेलं. तो म्हणाला, "एक जिना चिमीच्या पद्धतीनं होऊ दे. दातांच्या डॉक्टरीणबाईंचा करा, साधा सरळ आहे. मग नेहमीसारखा उतरून बघू. पास झाला तर मास्तरांना निरोप देऊ. नाही झाला तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. चालेल?"

"चालेल की," आत्या म्हणाली. "माझं काय जातंय?"

सगळंच जात होतं. मास्तर गेले म्हणून आत्याला कोणी घराबाहेर काढणार नव्हतं. दोन वेळचं जेवण, वरची खोली, आत्या आत्या म्हणणं, सगळं तसंच राहिलं असतं. फक्त काही विचारायला कोणी तिच्याकडे आलं नसतं. हे तिला स्पष्ट कळत होतं.

चिमीनं आकडे भरले, बटण दाबलं. कागद निघाला, तोही आवाज न करता. आत्याला ते चोरट्यासारखं वाटलं. कागद मिस्त्रींकडे गेला.

मिस्त्री म्हणजे कारखान्याचे हात. चाळीस वर्षं तिथंच. बोलणं मोजकं, काम चोख. गळ्यात दोरीनं अडकवलेला चष्मा, कानावर पेन्सिल आणि सदऱ्याच्या खिशात प्लायवूडची एक बोटभर पट्टी. आत्या केबिनच्या काचेतून बघत होती. मिस्त्रींनी बाजूची लांब फळी मेजावर आडवी घातली, चष्मा चढवला, कागद दोनदा वाचला, काटकोनाचा गुण्या लावला. मग खिशातून पट्टी काढली, फळीच्या खालच्या टोकाला गुण्याखाली सरकवली आणि पेन्सिलीनं रेघ मारली.

आत्या खुर्चीतून अर्धी उठली.

त्या पट्टीची गोष्ट अशी. जिन्याची सगळ्यात खालची पायरी भारी नाजूक. बाकीच्या पायऱ्यांइतकीच ती उंच व्हायची तर बाजूच्या फळीच्या तळातून पायरीच्या फळीच्या जाडीइतकं लाकूड उडवावं लागतं. मास्तरांनी प्रोग्राम लिहिला तेव्हा पायरीची फळी चाळीस मिलिमीटर जाड यायची. त्यांनी चाळीस आकडा आत पक्का करून टाकला. पुढं बावीस वर्षांपूर्वी व्यापारी बत्तीसच्या फळ्या पाठवायला लागला. मास्तरांचं आपलं चालूच, चाळीस उडवा. म्हणजे खालची पायरी आठ मिलिमीटरनं बुटकी. तेव्हा आत्यानंच मिस्त्रींना सांगितलं होतं, "प्रोग्राम दुरुस्त होईस्तोवर गुण्याखाली आठचा तुकडा ठेवून खूण करत जा." होईस्तोवर म्हणता म्हणता बावीस वर्षं झाली. तुकडा का ठेवायचा हे मिस्त्री कधीच विसरून गेले. पट्टी म्हणजे त्यांना वस्तू वाटतच नव्हती, हाताचं सहावं बोट झालं होतं.

आणि चिमीच्या कागदात चूक नव्हती. तिनं बत्तीस भरले होते, कागद बत्तीसच उडवा म्हणत होता. त्यावर मिस्त्रींनी सवयीनं पट्टी ठेवली होती. म्हणजे आता खालची पायरी आठ मिलिमीटरनं उंच होणार. नव्या प्रोग्रामचा पहिलाच जिना फसणार, आणि का फसला हे उभ्या कारखान्यात एकाच माणसाला कळणार.

आत्या पुन्हा खुर्चीत बसली. तोंड उघडलं होतं ते मिटलं.

सांगायला पाच पावलं चालायचं होतं. "मिस्त्री, पट्टी नको," एवढे तीन शब्द. पण ती स्वतःलाच म्हणाली, चिमीनं विचारलं का? एवढी शिकलेली आहे, मिस्त्रींचा हात कसा चालतो हे एकदा उभं राहून बघायला काय झालं होतं? ही झाली सोमवारची समजूत. मंगळवारी ती म्हणाली, आठ मिलिमीटर म्हणजे काय डोंगर आहे? कापून टाकलं की झालं. चाचणी नेहमीप्रमाणे मिस्त्री करतील, त्यांना पावलाला कळेल, जिना नापास होईल, विषय मिटेल. कोणाचं काही नुकसान नाही. बुधवारी समजूत घालायला नवीन काही सुचेना, म्हणून ती नुसतीच मूग गिळून बसली. चहा मात्र तिला तिन्ही दिवस गोड लागला नाही. साखर कमी पडली असेल म्हणून तिनं दोनदा घातली.

बुधवारी दुपारी जिना उभा राहिला. कारखान्याच्या एका कोपऱ्यात पोटमाळा होता. त्याच्या कडेला एक जाड फळी वरखाली सरकवता यायची. ती गिऱ्हाइकाच्या मजल्याच्या उंचीवर लावायची, नवा जिना तिला टेकवायचा, बाजूच्या लोखंडी जिन्यानं वर जायचं आणि नव्या जिन्यावरून उतरायचं. डोळे मिटून, कठड्याला हात न लावता. दादाच्या वडिलांनी घालून दिलेली रीत. चढताना जिना गोड बोलतो, उतरताना खरं बोलतो, असं ते म्हणायचे. एक पायरी जरी कमीजास्त असली तरी पाऊल फसतं. तेराव्या पायरीपर्यंत पायानं मनाशी एक माप धरलेलं असतं आणि चौदावी ते मोडते.

मिस्त्री चष्मा पुसत लोखंडी जिन्याकडे निघाले, तेवढ्यात दादा खुर्चीतून उठला.

"आज मी."

"बाबा, गुडघा," चिमी म्हणाली.

"दोन महिने झाले. माझ्या लेकीचा पहिला जिना आहे, दुसऱ्यानं उतरलेला मला चालणार नाही."

"डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"त्यांनी जिना चढू नका सांगितलंय. मी उतरणार आहे," दादा म्हणाला आणि लोखंडी जिन्याच्या कठड्याला धरून एकेक पायरी चढायला लागला. अशा माणसापुढं काय बोलणार!

केबिनमध्ये आत्या खुर्चीतून उठली. आठ मिलिमीटरनं धडधाकट माणसाला नुसता हिसका बसतो. ऑपरेशन झालेल्या गुडघ्याला तोच हिसका डोळे मिटलेले असताना, सगळं वजन खाली येत असताना बसला तर? हा विचार तिनं तीन दिवसांत एकदाही केला नव्हता, कारण दादा या हिशेबात नव्हताच.

दादा वर पोचला. वळला. डोळे मिटले, हात बाजूला घेतले आणि पहिलं पाऊल टाकलं. त्याच्या कपाळावर आठी पडली. वरची पायरी पायाला जरा लवकरच लागली असावी. पण खाली लेक उभी होती, आणि लेकीच्या जिन्यावर मध्येच थांबणं दादाला जमण्यासारखं नव्हतं. तो मोठ्यानं मोजत उतरू लागला. "एक... दोन... तीन..."

चिमी ओठ चावत उभी. मिस्त्री मान खाली घालून नुसतं ऐकत. चाचणीच्या वेळी ते नेहमी पावलांचा आवाज ऐकायचे.

"नऊ... दहा..."

आत्या केबिनच्या दारात आली होती. कधी आली ते तिलाही कळलं नाही.

"बारा... तेरा..."

"दादा, थांब!"

इतक्या जोरात ती आयुष्यात ओरडली नव्हती. दादा जागच्या जागी खिळला, कठडा दोन्ही हातांनी पकडला, डोळे उघडले. पायाखाली एकच पायरी उरली होती.

"काय झालं?"

"खालची..." आत्याला धाप लागली होती. "खालची पायरी उंच आहे. जपून उतर, चिमीचा हात धर."

चिमीनं हात दिला, दादा उतरला. मग तिनं टेप लावला. मधल्या सगळ्या पायऱ्या एकशे पंचाहत्तर. सगळ्यात वरची एकशे सदुसष्ट. सगळ्यात खालची एकशे त्र्याऐंशी.

पुढं जे झालं ते आत्यानं स्वप्नातसुद्धा पाहिलं नव्हतं. दादानं तिच्याकडे बघितलं, केबिनच्या दाराकडे बघितलं, मध्ये वीस पावलांचं अंतर होतं तेही बघितलं आणि दोन्ही हात कंबरेवर ठेवून हसायला लागला. "तिथून? आठ मिलिमीटर? अगं, तुझ्या डोळ्यात फूटपट्टी बसवलीय की काय! चिमे, बघितलंस? याला म्हणतात अनुभव!"

"आत्या, खरंच कमाल आहे तुझी," चिमी म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता, पण बोलली ते मनापासून.

आत्यानं काहीतरी पुटपुटल्यासारखं केलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. तिच्या मनात भर दुपारी लख्ख पडलं होतं.

मिस्त्रींनी कागद घेतला, फळीचा तळ मोजला. पुन्हा मोजला. "कागदात बत्तीस आहे," ते म्हणाले. "मी चोवीसच उडवलंय. कागद बरोबर. हात चुकला."

"नाही हो काका," चिमी घाईनं म्हणाली. "माझा कागदच नवा आहे, आकडे बारीक छापलेत. तुम्हाला सवय नाही त्याची. राहू दे. मास्तरांच्या कागदावर तुमचं कधी चुकलं नाही ना? मग मास्तरच बरे." आणि ती दादाकडे वळली. "बाबा, ठरल्याप्रमाणे. विषय पुन्हा काढणार नाही."

चिमीला हातोडी धरायला मिस्त्रींनी शिकवलं होतं, ती पाच वर्षांची असताना. त्यांच्या हाताला दोष देण्यापेक्षा तिनं आपला कॉम्प्युटर परत न्यायचं कबूल केलं. झालं. आत्याला जे हवं होतं ते तिच्या पदरात पडलं, वर शाबासकी फुकट.

गुरुवारी सकाळी नऊ वाजता आत्या खुर्चीत बसली. पडदा पुसला. मास्तरांनी तारीख विचारली. तिनं साल सांगितलं, सातचा आकडा आला तेव्हा टोपण दाबलं, सगळं व्यवस्थित सुरू झालं. तिनं काचेतून बाहेर बघितलं.

उजवीकडे चिमी तिचा चपटा कॉम्प्युटर खोक्यात घालत होती. वायरींच्या गुंडाळ्या करत होती, कोणाकडे न बघता.

डावीकडे मिस्त्री आपली हत्यारं भरत होते. रंधा जुन्या फडक्यात गुंडाळला. पटाशा एकेक करून कापडी पट्ट्यात सारल्या. मेजावर त्यांचं काही म्हणजे काही उरलं नव्हतं.

आत्या बाहेर आली. "मिस्त्री, हे काय?"

"जातो आता," मिस्त्री म्हणाले. "काल रात्रभर विचार केला. बत्तीस वाचलं, दोनदा वाचलं, आणि चोवीसवर रेघ मारली. मारताना मला कळलंसुद्धा नाही. म्हणजे डोळे गेले, नाहीतर डोकं. तुम्ही वीस पावलांवरून बघितलंत आत्या, आणि माझ्या नाकासमोर होतं ते मला दिसलं नाही. उद्या करवतीवर बोट जाईल. आपला उपयोग संपला की आपणच उठावं, कोणी उठवायची वाट बघू नये."

आत्यानं त्यांच्या तोंडाकडे बघितलं. सोमवारपासून तिला ज्याची भीती वाटत होती तेच त्या चेहऱ्यावर होतं, हुबेहूब. ती भीती स्वतःवरची टळावी म्हणून तिनं उचलून या माणसाच्या अंगावर ठेवली होती. लाजेनं ती मेजाच्या कडेला टेकली.

"मिस्त्री, खिशातली पट्टी काढा."

"पट्टी?"

"काढा. आता मोजा ती."

मिस्त्रींनी पट्टी काढली. टेप लावला. कितीतरी वेळ तो आकडा बघत राहिले.

"आठ," ते म्हणाले.

"मास्तर चाळीस उडवायचे म्हणून ती होती. चिमीच्या कागदाला ती नको होती. तुम्ही सवयीनं ठेवलीत, मी सोमवारीच काचेतून बघितली. तुमचे डोळे उत्तम आहेत. माझेही साधेच आहेत, मला वीस पावलांवरून काही दिसलं नाही. मला माहीत होतं."

चिमी वायर हातात धरून तशीच उभी राहिली. दादा आतल्या खोलीतून काठी टेकत दारापर्यंत आला होता, तोही तिथंच थांबला.

"सोमवारपासून?" चिमीनं विचारलं.

"सोमवारपासून."

"आणि काल बाबांच्या जागी मिस्त्रीकाका उतरले असते तर? ओरडली असतीस?"

एक बरं खोटं आत्याच्या जिभेवर आलं होतं. ते तिनं गिळलं. "नसते ओरडले," ती म्हणाली. "गप्प बसले असते. मास्तर गेले तर मी कोण, हे मला सांगता येत नव्हतं चिमे. इतकी वर्षं रोज कोणीतरी येऊन विचारतंय, आत्या, कागद झाला का? ते बंद होणार म्हणून माझी मतीच गुंग झाली. चुकलं माझं. मिस्त्री, तुमची माफी मागते."

मिस्त्रींनी ती पट्टी मेजावर ठेवली, करवत घेतली, मधोमध दोन तुकडे केले आणि भुशाच्या टोपलीत टाकले. मग फडकं सोडून रंधा बाहेर काढला. पटाशा काढल्या. सगळं जागच्या जागी मांडून झाल्यावर, आत्याकडे न बघता म्हणाले, "काल रात्री मी घरी सांगून टाकलं, उद्यापासून मी म्हातारा."

आत्याचे डोळे भरून आले.

मिस्त्रींनी जिना आडवा घालून तळातून आठ मिलिमीटर उडवले, पुन्हा उभा केला आणि स्वतः डोळे मिटून उतरले. जिना पास झाला. दादानं जाहीर केलं नाही, फक्त मान हलवली. मिस्त्री पुढचे चार दिवस आत्याशी एक अक्षर बोलले नाहीत. पाचव्या दिवशी "चहा घेतलात?" एवढंच विचारलं, आणि आत्याला तो सबंध दिवस पुरला.

चिमीचा राग मात्र गुरुवारीच संध्याकाळी बोलता झाला. ती केबिनमध्ये आली, समोर एक कोरी वही आपटली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "पट्टीसारखं आणखी काय काय आहे?"

"आहे थोडं."

"थोडं म्हणजे?"

"कोपऱ्यातल्या जिन्याला मास्तर एक पायरी जास्त सांगतात, ती मी खोडते. ओल्या लाकडाला रुंदीत तीन मिलिमीटर वाढवून सांगते. वकिलांच्या गल्लीतली सगळी घरं एका अंगाला कललीत, तिकडचं माप दोन्ही भिंतींना घ्यावं लागतं..." आत्या बोलत राहिली. चिमी बसली, लिहायला लागली. वहीची पानं भरत गेली तशी आत्याची बोलण्याची गती कमी होत गेली. सातव्या पानावर ती थांबली.

"काय झालं?"

"सगळं यात आलं की मी रिकामी," आत्या म्हणाली. आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

"हो," चिमी म्हणाली. "रिकामी हो, म्हणूनच विचारतेय. बाबा आता मापं घ्यायला जाऊ शकणार नाहीत. मी एकटी गेले तर टेपचं दुसरं टोक कोण धरणार? मागच्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंकडे खिळ्याला अडकवलं होतं, दोनदा सुटलं. उद्या दहा वाजता एक घर बघायचंय. चप्पल धड घाल, तिथं अजून फरशी बसलेली नाही."

आत्यानं तिच्याकडे बघितलं. एकतीस वर्षांत हजारो उंच्या तिनं मास्तरांना भरवल्या होत्या, पण त्यातली एकही जागा डोळ्यांनी पाहिली नव्हती.

"तू अजून चिडलेली आहेस ना माझ्यावर?"

"चिडलेय," चिमी म्हणाली. "तरी ये."

दुसऱ्या दिवशी एका अर्धवट बांधलेल्या घरात, सिमेंटच्या धुळीत, आत्या जमिनीवर उकिडवी बसली होती आणि टेपचं टोक दोन्ही हातांनी दाबून धरत होती. वरच्या मजल्याच्या कडेवरून चिमी वाकून बघत होती.

"आत्या, धरलंस का?"

"धरलंय."

"घट्ट?"

"अगं घट्ट धरलंय," आत्या मान वर करून म्हणाली. "तू आकडा सांग."